हकीम अली इब्न रिझवान आणि दोन फुटलेले तारे



इजिप्तमध्ये नाईल नदीच्या पश्चिम तीरावर गिझा हे गाव आहे. पिरॅमिडांच्या चित्रांमुळे ते आपणा सर्वांना ठाऊक आहेच. या गावी इ. स. ९८८ च्या सुमारास एका गरीब भट्टीवाल्याच्या घरी मुलगा झाला. भट्टीवाला म्हणजे लोकांच्या रोट्या भाजून देणारा. अशा घरातल्या मुलाने काय करायचे? बापाच्या हाताखाली भट्टीत लाकडे सारायची, एवढेच. पण हा मुलगा पुढे कैरोच्या फातिमी खलिफाच्या पदरी हकिमांचा प्रमुख झाला. त्याच्या ग्रंथांची लॅटिन भाषांतरे युरोपात शतकानुशतके वाचली गेली. आणि त्याने लिहून ठेवलेला एक लहानसा मजकूर त्याच्या मृत्यूनंतर नऊशे वर्षांनी खगोलशास्त्रज्ञांच्या उपयोगी पडला.

त्यांचे पूर्ण नाव अबुल हसन अली इब्न रिझवान अल-मिसरी. अरब लोक 'रिदवान' म्हणतात, आपल्या तोंडी 'रिझवान' बसले आहे. मी इतिहास-भूगोल शिकवणारा शिक्षक, विज्ञानाचा पदवीधर नव्हे. तरीही या चरित्राच्या निमित्ताने 'न्यूट्रॉन तारा' नावाच्या एका अजब वस्तूबद्दल चार शब्द सांगणार आहे. हकीमसाहेबांचा आणि तिचा संबंध काय, हे ओघाने येईलच.

आपली हकिगत त्यांनी उतारवयात स्वतःच लिहिली. तेराव्या शतकातील चरित्रकार इब्न अबी उसैबिया यांनी ती आपल्या हकिमांच्या चरित्रग्रंथात जपून ठेवली, म्हणून आज आपल्याला ती कळते. सहाव्या वर्षी अलीचे शिक्षण सुरू झाले. दहाव्या वर्षी नदी ओलांडून तो राजधानीत आला. त्या काळी कैरो हे नवे, सरकारी शहर. त्याला लागूनच फुस्तात हे जुने, दाटीवाटीचे, व्यापारउदिमाचे शहर. चौदाव्या वर्षी त्याने वैद्यकाचा आणि तत्त्वज्ञानाचा ध्यास घेतला.

ध्यास घेतला खरा, पण पैसा कुठे होता? नामांकित उस्तादाची फी परवडण्यासारखी नव्हती. अली फुस्तातच्या रस्त्याच्या कडेला बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे भविष्य सांगू लागला. आकडेमोड येत होती, ग्रहांची स्थाने काढता येत होती, त्यावर चार दिरहम मिळत. थोडी शिकवणी करी, थोडी औषधे देई. उरलेल्या वेळात ग्रंथ. युनानी दवाखान्याच्या पाटीवर बुकरात आणि जालीनूस ही नावे आपल्यापैकी काहींनी वाचली असतील. ग्रीक वैद्यकाचे हे दोन आचार्य. त्यांच्या ग्रंथांची अरबी भाषांतरे त्या काळी उपलब्ध होती. अलीने तीच आपले गुरू मानली. आकाशाच्या विद्येत त्याचा गुरू बतलीमूस, म्हणजे इंग्रजी पुस्तकांतला टॉलेमी.

आणि याच दिवसांत, शिक्षणाच्या अगदी प्रारंभी, त्याने ते पाहिले.

इ. स. १००६, हिजरी सन ३९६. एप्रिलच्या अखेरीस फुस्तातच्या दक्षिणेकडच्या आकाशात, क्षितिजापासून फार उंच नाही अशा जागी, एक नवाच तारा प्रकटला. अली त्या वेळी अठरा वर्षांचा असेल. शहरातल्या हजारो लोकांनी तो पाहिला असणार. कोणी घाबरले असेल, कोणी दुसऱ्या दिवशी विसरले असेल. या मुलाने मात्र त्याची मापे घेतली. आकार गोल, शुक्राच्या अडीच ते तीन पट मोठा, प्रकाश चंद्राच्या चतुर्थांशाहून थोडा अधिक, क्षितिज उजळून निघेल इतका तेजस्वी, आणि फार लुकलुकणारा. जागा वृश्चिक राशीच्या पंधराव्या अंशावर, सूर्याच्या बरोबर समोर. त्या दिवशी शनी, गुरू, मंगळ, शुक्र, बुध कोणत्या राशीत किती अंशांवर होते, तेही त्याने मांडून ठेवले. सूर्य कन्या राशीत येईपर्यंत, म्हणजे सुमारे चार महिने, तो तारा दिसत राहिला आणि मग नाहीसा झाला. पुढे बतलीमूसच्या ज्योतिषग्रंथावर टीका लिहिताना हकीमसाहेबांनी हे सारे त्यात घातले, आणि हे आपण स्वतः पाहिलेले आहे, असे बजावून ठेवले.

इथे एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. हे टिपण त्यांनी शकुन-अपशकुनाच्या हेतूने केले होते. ताऱ्यामागून लढाया, महागाई, दुष्काळ आणि रोगराई आली, असे त्यांनी त्यातच लिहिले आहे. तो त्या काळाचा समज. चीनच्या दरबारी ज्योतिषाने याच ताऱ्याला शुभ ठरवून बादशहाला खूश केले! स्वित्झर्लंडमधील संत गॅलच्या मठातील साधूंनीही तो आपल्या बखरीत नोंदला, आणि थोर हकीम इब्न सीना यांच्या ग्रंथातही अशाच ताऱ्याचा उल्लेख सापडतो. शुभ की अशुभ, तो वाद केव्हाच संपला. अलीचे अंश तेवढे शिल्लक राहिले.

पुढची वर्षे धावती सांगतो. बत्तिसाव्या वर्षी वैद्य म्हणून त्यांचे नाव झाले. खलिफाने त्यांना हकिमांचे प्रमुख नेमले. आता घर, पैसा, मान सारे आले. साठीत आपला दिनक्रम त्यांनी लिहिला आहे तो मजेदार आहे. रोग्यांकडे पायपीट करण्यात व्यायाम होतो, म्हणून वेगळा व्यायाम नको, मग विश्रांती, मग बेताचे जेवण, मग ग्रंथवाचन आणि चिंतन. कपडे स्वच्छ असावेत, अंगाला सुगंध असावा, जीभ आवरावी. ही शेवटची गोष्ट त्यांना कितपत साधली, ते आता पाहूच.

पण त्याआधी त्यांच्या एका पुस्तकाबद्दल सांगितले पाहिजे. इजिप्तमधील आजार कसे टाळावेत, असा त्याचा विषय. त्यात फुस्तातचे जे वर्णन आहे ते वाचून आपल्यालाच ओशाळे वाटते. अरुंद गल्ल्या, उंच घरे, त्यामुळे कोंडलेली हवा. मेलेली मांजरे-कुत्री लोक रस्त्यावर फेकतात, ती तिथेच कुजतात. संडासाचे पाणी नाईलमध्ये जाते आणि तेच पाणी लोक पितात. हमामांच्या भट्ट्यांचा धूर गावावर बसतो. जंतूंची कल्पना कोणालाही नव्हती अशा काळात, म्हणजे हजार वर्षांपूर्वी, हे लिहिले आहे. बापाची भट्टी ज्याने पाहिली त्याला धूर काय हे ठाऊक असणारच.

आता तो गाजलेला वाद. इ. स. १०४९ मध्ये बगदादचा एक विद्वान वैद्य फुस्तातला आला. त्याचे नाव इब्न बुतलान, धर्माने ख्रिस्ती. बगदादच्या नामवंत उस्तादापाशी बसून तो शिकलेला, बोलण्यात चतुर, लेखणीने धारदार. आपले अली इब्न रिझवान साठीचे, कोणत्याही मोठ्या उस्तादाचे नाव न लावणारे, आणि स्वभावाने तिखट. दोघांचे जमले नाही. भांडणाला निमित्त काय, तर कोंबडीचे पिल्लू प्रकृतीने अधिक उष्ण की इतर पक्ष्याचे! त्यावरून पुस्तिकांवर पुस्तिका निघाल्या. इब्न बुतलानने हकीमसाहेबांच्या काळ्यासावळ्या, ओबडधोबड रूपाची टर उडवली, त्यांना मगरीची उपमा दिली. त्यावर, वैद्य देखणा असण्याची गरज नाही, अशी एक स्वतंत्र पुस्तिकाच हकीमसाहेबांनी लिहून काढली. एवढ्यावर थांबते तर बरे. पण त्यांनी शहरातल्या वैद्यांना त्या परदेशी माणसावर बहिष्कार टाकण्यास सांगितले. हे काही त्यांना शोभले नाही. शेवटी इब्न बुतलान शहर सोडून गेला.

या चिखलफेकीत एक प्रश्न मात्र खरोखरीचा होता, आणि तो आजही प्रत्येक घरात आहे. विद्या ग्रंथांतून घ्यावी की गुरूच्या तोंडून? हकीमसाहेबांचे म्हणणे, ग्रंथ पुरे. इब्न बुतलानने गुरूच्या बाजूने अनेक कारणे दिली. एक शब्द समजला नाही तर शिक्षक दुसरा शब्द वापरतो, पुस्तक वापरू शकत नाही. नकलनवीस अरबी अक्षराचे टिंब विसरला की अर्थाचा अनर्थ होतो, आणि तो दाखवून द्यायला पुस्तकाजवळ कोणी नसते. मी स्वतः खडू हातात धरणारा, तेव्हा माझे मत इब्न बुतलानकडे जाणार हे उघड आहे. पण ज्याच्याजवळ उस्तादाला द्यायला दिरहमच नाही त्याने काय करावे, या सवालाला त्या चतुर माणसाच्या पुस्तिकेत उत्तर नाही.

फुस्तातहून निघालेला इब्न बुतलान हिंडत-फिरत कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला पोहोचला. आणि पाहा योगायोग! हिजरी ४४६, म्हणजे इ. स. १०५४-५५ या वर्षी मिथुन राशीत एक नवा तारा दिसल्याची नोंद त्याने केली. त्या साली नाईलला पूर आला नाही, दुष्काळ पडला, साथ आली. कॉन्स्टँटिनोपलमध्ये कबरस्ताने भरून गेल्यावर चौदा हजार माणसे एका चर्चच्या आवारात पुरली, असे तो लिहितो. ही नोंदही त्याच इब्न अबी उसैबियांच्या ग्रंथात टिकली. दोघे वैरी एकाच पुस्तकात शेजारी आले! जुलै १०५४ मध्ये चिनी ज्योतिषांनी पाहिलेला, तेवीस दिवस भर दिवसा दिसलेला प्रसिद्ध तारा तो हाच, असे अभ्यासकांनी १९७८ साली दाखवून दिले.

हे दोन्ही 'नवे तारे' वास्तविक नवे नव्हतेच. ते मरणारे तारे होते. अशा स्फोटाला आज सुपरनोव्हा म्हणतात. पण मरणामरणात फरक असतो.

इब्न बुतलानचा तारा सूर्याहून कितीतरी पट जड होता. अशा ताऱ्याच्या पोटातले इंधन संपले की त्याचा गाभा स्वतःच्याच वजनाखाली एका सेकंदाच्या आत कोसळतो. बाहेरची कवचे उधळली जातात आणि आत दडपलेला गाभा राहतो. सूर्याच्या सुमारे दीडपट वस्तुमान, आणि व्यास अवघा वीस किलोमीटर, एसटीचा अर्ध्या तासाचा पल्ला! त्यातला चहाचा चमचाभर पदार्थ शंभर कोटी टनांहून जास्त भरेल. हाच न्यूट्रॉन तारा. वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी या शास्त्रज्ञांनी १९३४ साली ही कल्पना मांडली, तेव्हा ती फारशी कोणी मनावर घेतली नाही. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला आकाशातून घड्याळासारखे नेमाने येणारे रेडिओ ठोके सापडले. ते स्वतःभोवती फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचे ठोके होते. अशा ताऱ्याला पल्सर म्हणतात. पुढच्याच वर्षी १०५४ च्या स्फोटाच्या जागी, खेकडा तेजोमेघ नावाच्या पसरत्या ढगात, सेकंदाला तीस वेळा फिरणारा पल्सर मिळाला.

तो नुसता फिरत नाही, धावतोही आहे. सेकंदाला सुमारे १२० किलोमीटर, म्हणजे एका सेकंदात मुंबईहून पुणे. का धावतो? स्फोट चारी बाजूंनी सारखा होत नाही. कोसळत्या ताऱ्याच्या पोटातला पदार्थ भाताच्या आधणासारखा खदखदत असतो. एका बाजूला जास्त माल उडाला की गाभा उलट बाजूला फेकला जातो. बंदूक झाडली की दस्ता खांद्याला हिसका देतो, तसेच. पपिस-ए नावाच्या एका स्फोटाच्या अवशेषात हे डोळ्यांना दिसते. प्राणवायूचे ढग एका दिशेला चालले आहेत आणि न्यूट्रॉन तारा नेमका दुसऱ्या. काहींना बसलेला हिसका भयंकरच आहे. २००५ साली मोजलेला एक पल्सर सेकंदाला हजार किलोमीटरांच्या आसपास धावतो आहे. मुंबईहून दिल्लीला त्याला सव्वा सेकंदही लागू नये. असा तारा आपली आकाशगंगा सोडून कायमचा निघून जातो.

आता जुन्या नोंदींचा उपयोग पाहा. दहा-वीस वर्षांच्या अंतराने घेतलेली छायाचित्रे ताडून पल्सर किती सरकला ते कळते. पण निघाला केव्हा? त्याच्या अंगावर जन्मतारीख लिहिलेली नसते. बहुतेक पल्सरांचे वय अंदाजानेच काढावे लागते. खेकडा तेजोमेघातल्या पल्सरचे वय मात्र वर्षासकट ठाऊक आहे, कारण कोणीतरी त्या रात्री जागे होते आणि त्याने लिहून ठेवले. त्यामुळे हिशेब शाळेतल्या मुलालाही करता येतो. त्या वेगाने आजवर तो साडेतीन लाख कोटी किलोमीटरांहून अधिक धावला. मुलांनो, वहीत करून पाहा. शून्ये मोजताना तेवढी काळजी घ्या.

आणि अलीचा तारा? त्याने दिलेल्या ग्रहांच्या स्थानांवरून स्फोट दिसू लागल्याची तारीख ३० एप्रिल १००६ अशी निश्चित करता आली. त्याच्या आणि इतर देशांतील नोंदींवरून आकाशातला प्रदेश ठरला, आणि १९६५ साली ऑस्ट्रेलियातील पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीने तिथे स्फोटाचा गोल अवशेष हुडकला. सुमारे सात हजार प्रकाशवर्षांवर, अजूनही हजारो किलोमीटर सेकंदाच्या वेगाने पसरणारा. पण त्याच्या मध्यभागी पल्सर नाही. तो तारा निराळ्या जातीचा होता. श्वेतबटू म्हणतात तसा, म्हातारा झालेला लहान तारा. असा तारा पेटला की सबंध उडून जातो, गाभासुद्धा मागे उरत नाही. त्याला पेटवणारा जोडीदार तारा तरी वाचला असेल म्हणून शोध घेतला, तोही मिळाला नाही, असे २०१२ साली प्रसिद्ध झाले. बहुधा दोन श्वेतबटूच एकमेकांत मिसळून संपले असावेत. स्फोट होऊनही न्यूट्रॉन तारा मागे राहत नाही, हे ज्या थोड्या अवशेषांवरून इतक्या खात्रीने सांगता येते त्यांत हा एक. आणि त्याची तारीख, तेज व जागा सांगणारा मुख्य साक्षीदार अठरा वर्षांचा होता.

हकीमसाहेबांचा शेवट दुःखाचा झाला. त्या दुष्काळाच्या आणि साथीच्या सुमारास त्यांनी एका अनाथ मुलीला घरात घेतले, लेकीसारखी वाढवली. एके दिवशी तिला घरी एकटी ठेवून ते बाहेर गेले. परत आले तो घरातल्या मौल्यवान वस्तू आणि साठवलेले सुमारे वीस हजार दिनार घेऊन ती निघून गेली होती. तिचा पुन्हा माग लागला नाही. तेव्हापासून त्यांच्या मनाचा तोल गेला, असे चरित्रकार सांगतात. रस्त्यावर बसून जमवलेल्या पहिल्या दिरहमापासूनची ती कमाई होती. पैशाने तोल गेला की लेक गमावल्याने, ते चरित्रकारांनी लिहिलेले नाही. मला दुसरे कारण खरे वाटते. इ. स. १०६१ मध्ये त्यांचे निधन झाले. काही जण १०६८ म्हणतात. बतलीमूसवरील त्यांची टीका १४९३ मध्ये व्हेनिसला लॅटिनमध्ये छापली गेली, आणि ताऱ्याचे टिपण तिच्यातून पुढे चालत राहिले.

या दोन्ही जागा आपल्या गावाहून पाहता येतात. जानेवारीत रात्री आठ-नऊच्या सुमारास वृषभ रास जवळजवळ डोक्यावर असते. बैलाच्या दक्षिणेकडच्या शिंगाच्या टोकाशी एक तारा आहे. त्याच्या अगदी जवळ, लहान दुर्बिणीतून, कापसाच्या बोळ्यासारखा फिका ठिपका दिसतो. तो खेकडा तेजोमेघ, त्यातच तो धावणारा पल्सर. अलीची जागा मेच्या शेवटच्या आठवड्यात, पावसाचे ढग यायच्या आत, रात्री अकराच्या सुमारास बघावी. दक्षिणेला तोंड करून उभे राहा. डावीकडे वृश्चिकाची नांगी, उजवीकडे नरतुरंगाचे तेजस्वी तारे, आणि मध्ये वृक नावाचा मंद ताऱ्यांचा समूह. फुस्तातहून दिसत होती त्यापेक्षा ती जागा आपल्याकडे क्षितिजावर बरीच उंच असते. साध्या डोळ्यांना तिथे काहीही दिसत नाही.